दोनशे मीटरचा दगड

सायकलच्या ट्रॅकवर सगळ्यात वेगवान कोण, हे ठरवायला जगभर एकच अंतर वापरतात, दोनशे मीटर. त्याआधी ट्रॅकवर फिरून हवा तेवढा वेग घ्यायची मुभा असते. घड्याळ सुरू होतं ते शेवटच्या दोनशे मीटरवर. ऑगस्ट 2025 मध्ये तुर्कस्तानातल्या कोन्याच्या ट्रॅकवर ब्रिटनच्या मॅथ्यू रिचर्डसनने हे अंतर 8.857 सेकंदांत कापलं. ताशी 81 किलोमीटरहून थोडा जास्तच वेग, आणि तोही केवळ पायांच्या बळावर.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या पोराला असा ट्रॅक बघायचा तर पुण्याला बालेवाडीपर्यंत जावं लागतं. मोजमाप मात्र त्याच्या गावच्या रस्त्यावरच असतं. रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला मोठा दगड असतो. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा, राज्य महामार्गावर हिरवा. त्या दोन मोठ्या दगडांच्या मध्ये गुडघ्याखालच्या उंचीचे छोटे दगड रोवलेले असतात आणि त्यांच्यावर 2, 4, 6, 8 एवढेच आकडे असतात. हे दोनशे-दोनशे मीटरचे दगड. रस्ता रुंदीकरणात बरेच उखडले गेले, काही तुरीच्या धुऱ्याआड दडले, पण आतल्या रस्त्यांवर अजून सापडतात. नाही सापडले तर टायरवर खडूची खूण करावी आणि सायकल हातात धरून चालत चाकाचे फेरे मोजावेत. रेसिंग सायकलच्या चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर असतो, म्हणजे 95 फेऱ्यांत दोनशे मीटर झाले. पहिल्या दगडाला मोबाइलवरचं घड्याळ सुरू करणारा आणि दुसऱ्याला थांबवणारा एक मित्र सोबत असला की चाचणीची सगळी सोय झाली. पंधरा सेकंद लागले तर वेग ताशी 48 किलोमीटर. हौशी स्पर्धकासाठी हा आकडा चांगला आहे आणि त्यात सुधारणेला भरपूर वावही आहे.

आपल्याकडे ही चाचणी फारसं कुणी करत नाही, कारण महाराष्ट्राचं सायकलप्रेम मुळात अंतराचं आहे. मुंबई-पुणे शर्यत आपल्याला आठवते ती बोरघाटासाठी आणि ‘घाटांचा राजा’ या किताबासाठी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणाऱ्या शर्यतीत उतरले आणि सुमारे 4,800 किलोमीटर दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केले. त्यानंतर गावोगावी डॉक्टर, शिक्षक, दुकानदार लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळले. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, अशा ब्रेव्हेंची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्यांची, भाषा आता तालुक्याच्या गावातही कळते. सायकलवारी आहे, माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनाला सायकलने जाणं आहे. ही सगळी चिकाटीची परंपरा आहे आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण ती एका जागी माणसाला उघडं पाडते.

ती जागा म्हणजे स्पर्धेची शेवटची रेघ. शिवजयंतीला किंवा 26 जानेवारीला तालुक्याच्या गावी सायकल स्पर्धा होते. पंधरा-वीस किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. एवढ्या अंतरात चिकाटीचा माणूस इतरांना मागे टाकू शकत नाही, कारण त्याच्या पाठीमागे वाऱ्याच्या आडोशाला बसलेल्यांना त्याच्याहून बरंच कमी बळ लागतं. शेवटच्या वळणावर सात-आठ जण एकत्र येतात, आणि रोज पन्नास किलोमीटर मारणारा त्यात पाचवा येतो. मग तो घरी जाऊन ठरवतो की आता रोज साठ मारायचे. या प्रकरणात सांगायचं आहे ते इथेच: साठ मारल्याने तो पुढच्या वर्षी कदाचित सहावा येईल. स्प्रिंट, म्हणजे शेवटची पूर्ण वेगाची धाव, थकून येत नाही. ती थोड्या, पूर्ण ताकदीच्या आणि पूर्ण विश्रांती घेऊन केलेल्या झेपांनी येते.

असं का होतं, ते मांडीच्या आत बघावं लागतं. स्नायूला आकुंचन पावायला एटीपी नावाचं रसायन लागतं आणि त्याचा तयार साठा दोन-तीन सेकंदांत संपतो. तो लगेच भरून काढायला दुसरा साठा असतो, फॉस्फोक्रिएटिनचा. पूर्ण जोर लावला तर दोन्ही मिळून आठ-दहा सेकंद पुरतात. त्याच्या पुढे साखर जाळून चालवावं लागतं. ती ऊर्जा मिळते, पण इतक्या वेगाने नाही. म्हणून कुणाचीही स्प्रिंट दहाव्या सेकंदानंतर ढासळायला लागते, रिचर्डसनचीही. आता महत्त्वाचं. रिकामा झालेला फॉस्फोक्रिएटिनचा साठा अर्ध्या-एक मिनिटात जेमतेम अर्धा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. एका मिनिटाने पुन्हा उठून मारलेली दुसरी झेप म्हणजे अर्ध्या साठ्यावरची झेप. अशा दहा झेपा मारल्या की घाम निथळतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मेहनत केल्याचं समाधान मिळतं आणि शरीर शिकतं ते अर्ध्या ताकदीने पळायला.

दुसरी गोष्ट स्नायूंच्या तंतूंची. काही तंतू संथ असतात, ते तासन्‌तास काम करतात. काही वेगवान असतात, ते प्रचंड जोर देऊन लगेच दमतात. कुणाकडे कोणते किती, हे बऱ्याच अंशी जन्माने ठरतं. म्हणूनच लोक म्हणतात, स्प्रिंटर जन्मावा लागतो. ते अर्धंच खरं आहे. वेगवान तंतू असणं वेगळं आणि मेंदूने ते सगळे एका क्षणी कामाला लावणं वेगळं. संथ पायडल मारताना मेंदू त्यांना हातही लावत नाही. जोराची मागणी अगदी टोकाला गेली की मगच ते जागे होतात. ज्याने वर्षभर कधी टोकाचा जोर मागितलाच नाही, त्याचे हे तंतू असूनही नसल्यासारखे. मागायला सुरुवात केली की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जो फरक दिसतो तो बहुतेक मज्जासंस्थेतला असतो. मांडीचा घेर तेवढाच राहतो, पण घड्याळातले सेकंद कमी होतात. चाळिशीनंतर हे वेगवान तंतूच आधी बारीक होत जातात, म्हणून वय झालेल्या सायकलस्वाराने स्प्रिंट सोडण्यापेक्षा धरावी. अर्थात, डॉक्टरांना छाती दाखवून मगच.

सराव कसा करायचा, ते आता सविस्तर. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन रात्रींची झोप. निघाल्यावर वीस मिनिटं हलकं चालवायचं, शेवटी दोन-तीनदा थोडा वेग वाढवून पाय मोकळे करायचे. डिसेंबरच्या पहाटे आर्णीत हुडहुडी भरते तेव्हा याला आणखी दहा मिनिटं द्यावीत, कारण थंड स्नायू जोर कमी देतो आणि लचकतो लवकर. मग सायकल चालत्या माणसाच्या वेगावर आणायची, जड गिअर लावायचा, दोन्ही हात घट्ट, आणि सीटवरून उठून सहा ते आठ सेकंद जे आहे ते सगळं ओतायचं. उजवा पाय खाली जाताना उजव्या हाताने हँडल वर ओढायचं, डावा जाताना डाव्या. सायकल दोन्ही बाजूंना डुलेल, डुलू द्या; खांदे मात्र रेघेत राहिले पाहिजेत. झेप संपली की पाच मिनिटं निवांत पायडल. गप्पा मारा, पाणी प्या, वळून परत या. अशा पाच झेपा. एका तासात खरं काम चाळीस सेकंदांचं. नव्या पोरांना याचंच अवघड जातं. चाळीस सेकंदांसाठी उठून आलो का, असं वाटतं आणि मधल्या पाच मिनिटांची ती दोन करतात. करू नयेत.

आठवड्यातला दुसरा सराव चालत्या वेगातला. ताशी तीसच्या आसपास जाताना दोनशेच्या दगडाआधी वेग घ्यायचा आणि दगड ते दगड पूर्ण ताकदीने. तीन झेपा पुरेत, चार फार झाल्या. मित्राच्या घड्याळावर नजर ठेवावी. पहिली झेप 15 सेकंदांची असेल आणि तिसरी 15.8 ची आली, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. थकलेल्या चौथ्या झेपेने काहीच वाढत नाही, फक्त पुढचे दोन दिवस पाय जड राहतात. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात पंधरवड्यातून एकदा रविवारच्या लांब फेरीच्या शेवटी दोन झेपा माराव्यात, कारण स्पर्धेतली झेप दमलेल्या पायांनीच मारायची असते. पण ही झाली उजळणी. धडा ताज्या पायांनीच गिरवायचा असतो.

जागा निवडताना मात्र जिवाशी खेळू नये. आर्णीतून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत आहे, त्यामुळे मोह होतो. तिथे मान खाली घालून आठ सेकंद सायकल हाणणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर जगणं. सराव आतल्या, ओळखीच्या, सरळ रस्त्यावर करावा, उजाडल्यावर, आणि आधी एकदा सावकाश फिरून रस्ता बघून घ्यावा. हे बघणं ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पडते आणि ओली झाली की तिच्यावर टायर साबणासारखा सरकतो. दसऱ्याच्या सुमाराला अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्या दाण्यांवर चाक गेलं की ब्रेकचा काही उपयोग नाही, शिवाय दुसऱ्याच्या घामाचं पीक तुडवणं बरं नव्हे. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या रस्ता अडवून चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सरावाचे खरे महिने. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा हवा हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा जवळजवळ दहाव्या हिश्शाने विरळ असते आणि एकटी झेप थोडी वेगवान होतेही. विक्रम करायचे ट्रॅक मुद्दाम उबदार ठेवतात ते याचसाठी. पण उन्हात दुसरी-तिसरी झेप कोसळते, आणि उष्माघात ही आपल्या भागात ऐकीव गोष्ट नाही. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी.

आता सायकलकडे वळू. गावच्या स्पर्धेत बऱ्याचदा साध्या सायकलींचा वेगळा गट असतो, आणि तिथे स्प्रिंटचं गणित निराळं होतं. पुढच्या चक्राला 44 दाते, फ्रीव्हीलला 18 आणि 28 इंची चाक असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला 110 फेरे मारले तर वेग ताशी 36. त्याहून वेग हवा असेल तर गिअर बदलायची सोय नाही, पायच जास्त फिरले पाहिजेत. 130 फेरे मारता आले तर तीच सायकल बेचाळीसच्या पुढे जाते. फेरे वाढवणं ही ताकदीपेक्षा कसबाची बाब आहे. हलक्या उतारावर सीटवर बसून पाय शक्य तितके भराभर फिरवायचे. ज्या क्षणी कंबर सीटवर आपटू लागते तिथे तुमची आजची मर्यादा. महिनाभरात ती पुढे सरकते. फ्रीव्हील 16 दात्यांचं बसवलं तर 110 फेऱ्यांत ताशी चाळीस मिळतात, मात्र सुरुवातीची उचल जड होते आणि नियमात बसतं का हे आयोजकांना आधी विचारावं लागतं. गिअरवाल्यांची चूक नेमकी उलटी असते. ते सगळ्यात जड गिअर आधीच लावून ठेवतात आणि झेप घेताना पाय चिखलात रुतल्यासारखे होतात. बहुतेकांचा जोर मिनिटाला 110 ते 130 फेऱ्यांच्या आसपास शिगेला पोचतो. उठताना थोडा हलका गिअर असावा, मग फेरे वाढले की एक दाता खाली टाकावा.

उठून जोर लावण्याआधी सायकलची तपासणी हवीच. जुन्या पद्धतीच्या क्रँकमध्ये कॉटर पिन असते. ती सैल असेल तर पायडल एका बिंदूवर किंचित लचकतं आणि टक असा आवाज येतो. रोजच्या चालवण्यात हा आवाज खपून जातो. पूर्ण जोराच्या झेपेत तीच पिन घसरते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मागच्या चाकाचे नट ढिले असतील तर चेनच्या ओढीने चाक तिरकं होऊन फ्रेमला घासतं. पाना घेऊन दोन मिनिटांचं काम आहे.

ताकदीसाठी आपल्याकडे तालमीतल्या बैठका आहेत, आणि त्या मारणाऱ्याला मी कधीच नको म्हणणार नाही. पण पाचशे बैठका दम वाढवतात. स्प्रिंटला लागतो तो पाच-सहा वेळांत संपून जाईल इतका जड भार. व्यायामशाळेत बारबेल असेल तर उत्तम. नसेल तर गुडघ्याएवढ्या पक्क्या ओट्यावर एकेका पायाने चढायचं आणि खांद्यावर पोतं घ्यायचं, आधी दहा किलोचं. युरियाची गोणी 45 किलोची असते. तिथपर्यंत पोचायला काही महिने लागू द्या आणि पाठ वाकायला लागली की वजन कमी करा. प्रत्येक पायावर पाच-सहा वेळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. इथेही तेच सूत्र. खाण्यात डाळ, चणे, शेंगदाणे, दूध, अंडी वाढवली की बहुतेकांचं भागतं. दुकानात मिळणाऱ्या बिननावाच्या पावडरींपासून लांब राहावं. त्यांत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि पुढे राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणी झाली तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

राज्य स्पर्धेचं नाव उगाच घेतलं नाही. वेगवान सायकलिंग हे आपल्या मुलामुलींचं क्षेत्र नाही, असा जो समज आहे तो खेळाडूंनी कधीच मोडून काढला आहे. 2022 मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये भारताला कांस्य मिळालं. तिघींच्या त्या संघात महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे होत्या. त्याच स्पर्धेत मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने स्प्रिंटमध्ये रौप्य मिळवलं. तो 2019 मध्ये कनिष्ठ गटात टीम स्प्रिंटचं विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या भारतीय त्रिकुटातला एक. यातलं कुणीही सायकलींच्या देशात वाढलेलं नाही.

पायात जोर आला तरी शर्यत जिंकायची ती हवेशी व्यवहार करून. ताशी चाळीसच्या वेगाला सायकलस्वाराचा बहुतेक सगळा जोर हवा बाजूला सारण्यात खर्च होतो, आणि ही मागणी वेगाच्या घनाने वाढते. चाळीसवरून पन्नासवर जायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. तेवढी ताकद वाढवायला वर्षं जातात. अंग आक्रसून घ्यायला दोन महिने पुरतात. टूर द फ्रान्समध्ये 35 टप्पे जिंकून 2024 मध्ये सर्वाधिक विजयांचा विक्रम करणारा मार्क कॅव्हेंडिश आपल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जोरात कमी पडायचा, पण स्प्रिंटमध्ये त्याचं नाक जवळपास हँडलच्या दांड्याला टेकलेलं असायचं. कोपरं वाकवणं, पाठ सपाट करणं, डोकं खाली पण नजर पुढे, हे सरावाच्या प्रत्येक झेपेत गिरवलं तरच शर्यतीत आपोआप होतं. साध्या सायकलवर हँडल सरळ असतं, तिथेही कोपरं वाकवता येतात.

शेवटचा किलोमीटर सुरू होताना आघाडीवर नसावं आणि दहावंही नसावं. तिसरी-चौथी जागा चांगली. वारा कुठून येतोय हे आधीच बघून ठेवलेलं असावं. कापसाच्या शेतातून जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर आडवा वारा लागला तर आडोसा पुढच्याच्या थेट मागे नसतो, वाऱ्याच्या उलट बाजूला तिरका असतो. वारा पाठीमागून असेल तर अडीचशे मीटरवरून सुटता येतं. समोरून असेल तर दीडशेपर्यंत दम धरावा, कारण आधी सुटणारा बाकीच्यांचा आडोसा बनतो. आणि सुटताना पुढच्याच्या चाकाला चिकटून नव्हे, मध्ये एखाद्या मीटरची फट ठेवून सुटावं. आडोशातच वेग घेऊन बाहेर पडलं की त्याला उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी रेघेपासून मागे चालत जाऊन दोनशे मीटरवर काय आहे ते बघून ठेवावं, एखादं बाभळीचं झाड, पानठेला, विजेचा खांब. धावपळीत दगड दिसत नाही, झाड दिसतं.

एकदा सुटलात की आपली सरळ रेघ सोडू नका. 5 ऑगस्ट 2020 ला पोलंडमधल्या काटोवित्सेला एका शर्यतीच्या अंतिम रेघेसमोर डायलन ग्रूनवेगनने आपली रेघ सोडली, फाबियो याकोबसन कठड्यावर आदळला आणि मरता मरता वाचला. ग्रूनवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. याकोबसन 2022 मध्ये टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकण्याइतका बरा झाला, हे त्याचं आणि डॉक्टरांचं श्रेय. तालुक्याच्या स्पर्धेत कठडेही नसतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना लहान पोरं उभी असतात.

रेघेवर पोचताना आणखी एक युक्ती आहे. शेवटच्या पायडलनंतर कोपरं झटक्यात सरळ करून सायकल पुढे ढकलायची आणि कंबर सीटच्या मागे न्यायची. अंग मागे जातं आणि चाक वीतभर पुढे. निकाल पुढच्या चाकावर लागतो, त्यामुळे बरोबरीत आलेल्या दोघांमध्ये ही वीत पुरते. ती योग्य क्षणी काढायला सरावाच्या प्रत्येक दोनशेच्या दगडावर एकदा काढून बघावी लागते. लवकर काढली तर वेग मोडतो. आणि रेघ ओलांडल्यावर हात वर करू नयेत, ब्रेकही दाबू नये. हँडल धरून सरळ पन्नास मीटर जाऊ द्यावं, कारण मागचे सहाजण अजून पूर्ण वेगात येत असतात.